साळिंदराचा सिनेमा आणि दोन रुमाल

नाही, पण मी काय म्हणतो, लहान मुलांचा सिनेमा ना हा? मग मला सांगा, लहान मुलांच्या सिनेमाला अख्ख्या थेटरात मोठी माणसं नाक का पुसत होती? आँ? मुलं खिदळतायत, लाह्या उडवतायत, आणि त्यांचे बाप... टक्कल पडलेले, पोट सुटलेले, दाढ्यावाले बाप... अंधारात मुसमुसतायत! माणसाला संशय येणार की नाही?

तुम्हाला सांगतो, मी उगाच संशय घेणारा माणूस नाही. माझं कामच ते होतं. विमा कंपनीत दावे तपासायचो मी, सगळी हयात त्यात गेली. कुणाचं दुकान जळालं की आधी बंबाला बोलावणं, मग मला. दुकानदार छाती पिटत असायचा, 'साहेब, बुडालो, काडीसुद्धा उरली नाही!' आणि मी हळूच विचारायचो, 'हो का? मग गल्ल्यावरचा वडिलांचा फोटो तेवढा आदल्या दिवशी घरी कसा गेला?' की बसलाच तो मटकन खाली! आमचे साहेब म्हणायचे, 'ह्यांना स्वतःची सावली दिसली तरी विचारतील, कुठून आलीस, कुणी पाठवलं?' म्हणोत बापडे. पण कंपनी बुडाली नाही, ती काय साहेबांमुळे?

तर झालं काय, घरात कुजबुज चालू. मी खोलीत पाऊल टाकलं की बोलणं बंद. मुलगा एकदम पंख्याकडे बघणार, सूनबाई एकदम भांडी घासायला लागणार, तीही घासलेलीच! आणि एके दिवशी गॅलरीत मुलगा फोनवर कुणाला तरी सांगत होता, माझ्या ह्या कानांनी ऐकलंय, 'खोली बघून ठेवलीय. हो, हवेशीर आहे. नाही, बाबांना अजून सांगितलं नाही.'

खोली... हवेशीर... बाबांना सांगितलं नाही! अहो, असल्या खोल्या कुठे असतात ते काय मला ठाऊक नाही? सकाळी सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीनं चहा, संध्याकाळी ओळीनं गोळ्या, आणि मुलं भेटायला येतात ती घड्याळ बघत! मी अवाक्षर काढलं नाही. तपासणारा माणूस पुरावा मिळेपर्यंत तोंड उघडत नसतो. आणि खरं सांगू? विचारायची भीती वाटत होती. विचारलं आणि तो 'हो' म्हणाला तर?

आणि नेमकी अशा वेळी आमची भिंगरी, म्हणजे नात हो, एका जागी बसेल तर शपथ म्हणून भिंगरी, माझ्या गळ्यात पडून म्हणते, 'आजोबा, मला साळिंदराचाच सिनेमा बघायचाय. आणि तुम्ही नि बाबांनी यायचंच. आणि तुम्ही दोघांनी शेजारी शेजारी बसायचं!' शेजारी शेजारी? सहा वर्षांच्या पोरीला कोण कुठे बसतं ह्याची काय पंचाईत? संशय येणार की नाही?

बरं, गेलो. मी मध्ये, एका बाजूला मुलगा, दुसऱ्या बाजूला सूनबाई, तिच्या मांडीवर भिंगरी. सिनेमा सुरू. चितारलेलं एक म्हातारं साळिंदर बिळातून बाहेर येतं, चष्मा लावतं, आणि खोकतं... आता खोकायच्या काय शंभर तऱ्हा असतात, पण हे खोकलं ते हुबेहूब माझ्यासारखं! मी मुलाकडे बघितलं. तो सरळ समोर बघतोय.

सुरुवात म्हणाल तर फक्कड! म्हातारं शिंकलं की काटे सुटतात आणि कुणाच्या ना कुणाच्या ढुंगणात घुसतात, पोरं नुसती लोळतायत. मीही हसलो, नाही कशाला म्हणू? अहो, पण हीच तर ह्यांची हातचलाखी! आधी हसवून हसवून तुमच्या हातानं कडी काढायला लावतात, आणि दार उघडलं की घुसतात आत! कारण पुढच्याच मिनिटाला कळतं, त्याची बायको गेलीय. आणि म्हातारं रात्री झोपताना एका अंगाचे काटे अजून मिटून घेतं. तिला लागू नयेत म्हणून. ती नाहीये तिथे, तरी!

अहो, हे लिहितं कोण? कुठला तरी इसम टेबलाशी बसून ठरवतो, की हं, इथे सातव्या रांगेतल्या काकांना गाठायचं! आमची ही गेल्यापासून मी अजून पलंगाच्या एका कडेलाच झोपतो, हे त्या इसमाला कुणी सांगितलं? आणि मुलांना ह्यातलं काय कळतं? भिंगरी विचारतेय, 'आई, त्याला शेपूट का नाही?'

तरी मी रडलो नाही. गिळलं. आणि एवढ्यात सूनबाईंनी अंधारात माझ्या हातात काहीतरी कोंबलं. चाचपतो तर रुमाल! चांगला मोठा, इस्त्रीचा. दुसरा माझ्या अंगावरून पलीकडे, मुलाला. मी म्हटलं, 'कशाला? माझे डोळे खडखडीत आहेत.' तर म्हणते, 'असू द्या, बाबा.'

आणि पडद्यावर त्या म्हाताऱ्याचा मुलगा बायकोला सांगतो, 'नवं बीळ बघून ठेवलंय. पण बाबांना अजून सांगितलं नाही.'

शब्दन्‌शब्द! गॅलरीतलं वाक्य! आणि म्हातारं ते ऐकतं बरं का, आडून. विचारत नाही, भांडत नाही. पोराला सांगायची लाज वाटायला नको म्हणून आपणच निघतं. धुक्यात. एकटं. आणि जाता जाता नातवाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करून जातं... मग मात्र माझा बांध फुटला. ओक्साबोक्शी म्हणतात तसा रडलो हो मी! एका साळिंदरासाठी! पुढे पोरगा त्याला शोधतो, दोघं काटे मिटून मिठी मारतात वगैरे, ते मी नीट बघितलंच नाही, रुमालात होतो.

दिवे लागले. बघतो तर मुलाचा रुमाल माझ्याहून ओला! बाहेर आलो, तर हा मला पाणी प्यायच्या नळाशी गाठून म्हणतो, 'बाबा, तुम्हीच निवडलात ना हा सिनेमा?'

'मी?'

'सरळ सांगायचं, की यायचं नाही म्हणून! टोमणे कशाला?'

'कुठे यायचं नाही?'

'माझी बदली झालीय, बाबा. तिकडचं घर बघितलंय. तुमची खोली हवेशीर आहे, मोठी खिडकी आहे... पण हे घर, आईची जागा सोडून तुम्ही कुठले येणार? म्हणून विचारायची हिंमत होईना. विचारलं आणि तुम्ही नाही म्हणालात तर?'

तुम्हाला सांगतो, माझ्या तोंडून एवढंच निघालं, 'अरे गाढवा!' आणि मी त्याला मिठी मारली. आमच्या घराण्यात ही पद्धत नाही. त्यामुळे सवयही नाही. त्याचं कोपर माझ्या चष्म्यात, माझी हनुवटी त्याच्या खांद्यात, लाह्या जमिनीवर... तर झाडूवाल्या बाई येऊन म्हणतात, 'सरका हो! हे साळिंदर लागल्यापासून रोज ह्या नळाशी बापलेक उभे. फरशी पुसायची कधी मी?'

झालं, सगळं गोड झालं. पण घरी येऊन चहा घेतोय, आणि डोक्यात एकदम लख्ख प्रकाश! अहो, आग लागल्यावर बंब आला तर ती दुर्घटना. पण आग लागायच्या आधीच बंब दारात उभा असेल तर? रुमाल आधी आला आणि रडू नंतर! आणि सूनबाईंचे डोळे अख्ख्या सिनेमात कोरडे! संशय येणार की नाही?

भिंगरीला गोळी देऊन बाजूला घेतलं. 'काय गं, तू हा सिनेमा आधी पाहिलायस?'

'हो, आईबरोबर! आई खूप खूप रडली. मग म्हणाली, आजोबांना नि बाबांना इथे आणून बसवलं पाहिजे. तूच हट्ट कर.'

उभा राहिलो जाऊन स्वयंपाकघरात. 'सूनबाई, हे काय?' तर ती भांडी घासता घासता, ह्या वेळी खरकटी होती, मान वर न करता म्हणाली, 'बाबा, ते मला विचारणार, बाबांना काय झालंय? तुम्ही मला विचारणार, ह्याला काय झालंय? मी काय टपालखातं उघडलंय? म्हटलं, साळिंदर सांगेल ते.'

असले बनाव उघडे पाडण्यात माझी हयात गेली. पण हा दावा नामंजूर करू कसा? आग खरी होती हो.

आता सामानाची बांधाबांध चालू आहे. आणि काल भिंगरी पुन्हा गळ्यात पडली, 'आजोबा, आता खारीचा सिनेमा! सगळ्यांनी यायचंच!' सूनबाई आत गेल्याचं बघितलं आणि हळूच तिची पर्स उघडली. उघडली, काय करू, हाडात मुरलंय! आत रुमाल. इस्त्रीचे. तीन!

तीन? घरात रडणारे आम्ही दोघं. मग तिसरा कुणाचा? म्हणजे ह्या खेपेला जे काही तोंडातून निघत नाहीये, ते सूनबाईंच्या! मी मुलाकडे बघितलं. मुलानं पंख्याकडे बघितलं.

काय करता? मुकाट्यानं चपला घातल्या. म्हटलं चला, आता खार काय सांगते ते ऐकून येऊ.