सरदारचा आखडलेला खांदा

घोड्याला मालिश पुरुषांनीच करायची आणि का ते विचारायचं नाही, असा आमच्या परळच्या तबेल्यातला नियम. आता ऐका. संयुक्त महाराष्ट्राच्या हरताळात आमची व्हिक्टोरिया, म्हणजे घोडागाडी, बंद होती आणि आमचा घोडा सरदार उभ्याउभ्या आखडला. पुढचा पाय उचलेना. आप्पा, म्हणजे माझे वडील, आणि काका त्याच्या खांद्यावर दणादण थापट्या मारत होते, तो दात दाखवत होता.

"गेला कामातून," आप्पा म्हणाले. "उद्या विकून टाकू."

मी पुस्तकं गवतावर टाकली आणि सरदारच्या मानेवर तळहात ठेवला.

"बी.ए.च्या पुस्तकात घोडापण आहे काय गं?" काका म्हणाले.

मी केसांच्या दिशेने हळूहळू दाबत खांद्यापर्यंत गेले. तो दचकला तिथे थांबले, हात तसाच ठेवला. आणि सरदारने मान खाली सोडून चक्क जांभई दिली! मग पाय उचलला!

"बस झालं. लोक बघतायत, घरात जा," आप्पा म्हणाले.

"नाही जाणार. दुसरा खांदा राहिलाय. आणि सरदार उद्या कुठेही जाणार नाही."

सरदार माझ्या अंगावर रेलला. आप्पांनी काकांकडे पाहिलं, काकांनी आप्पांकडे. मग दोघंही बाजूला सरकले.