एका बाईचा थांबा

चैत्राली : ...आमच्या मजल्यावरच्या मोरिता-सानांनी मला पहिल्याच महिन्यात बजावलं होतं, बाबा. पॅड हातात द्यायचं, दाराच्या मुठीला अडकवून यायचं नाही. मी हो हो केलं आणि अडकवून आले.

बाळासाहेब : कसलं पॅड? मी इकडं पोलंडात एका रानात उभा आहे, सूनबाई. जरा सावकाश सांग.

चैत्राली : आपण परीक्षेला न्यायचो ना, तसलं. त्याला वॉर्डाच्या नोटिसा लावलेल्या असतात. कुठला कचरा कुठल्या दिवशी, भूकंपाची ड्रिल कधी. वाचायचं, शिक्का मारायचा आणि शेजारच्या घरी नेऊन द्यायचं. इथं जपानात त्याला कैरानबान म्हणतात. आज पुन्हा आलंय, समोर ओट्यावर आहे, म्हणून तोंडातून निघालं. ते राहू दे. रानात उभे म्हणजे? बसमधून उतरलात?

बाळासाहेब : उतरलो.

चैत्राली : का पण?

बाळासाहेब : ती म्हातारी आली नाही आज.

चैत्राली : कोण म्हातारी?

बाळासाहेब : अगं, मी रोज सकाळी लॉजवरनं हीच बस धरतो. शेवटच्या थांब्यापर्यंत जातो आणि त्याच गाडीनं परत येतो. उभा जन्म एस.टी.च्या कंट्रोल केबिनमध्ये गेला, दुसऱ्याच्या देशात गाडी वेळेवर सुटताना बघितली की देवदर्शन झाल्यागत वाटतं. तर पहिल्या दिवशी या थांब्यावर चक्रावलो. गाव नाही, घर नाही. नुसतं धुकं आणि एक खांब. तरी ड्रायव्हरनं गाडी थांबवली, दार उघडलं आणि बसला वाट बघत. म्हटलं, हा सकाळी सकाळी घेऊन आलाय का काय. मग धुक्यातनं गमबूट घातलेली एक म्हातारी आली. तिकीट-बिकीट काही नाही. ड्रायव्हरच्या हातात एक सफरचंद ठेवलं आणि पुढच्या चर्चपाशी उतरली.

चैत्राली : रोज?

बाळासाहेब : रोज. आपल्याकडं चेकिंगला कोणी आलं असतं तर ड्रायव्हर सस्पेंड. काल माझ्याच शेजारी बसली. मी आपलं 'जेन दोब्री' म्हटलं, म्हणजे नमस्कार. माझी कानटोपी बघून इतकी हसली. मलाही एक सफरचंद दिलं.

चैत्राली : खाल्लंत? धुऊन?

बाळासाहेब : बाहीला पुसून.

चैत्राली : बाबा, तिकडच्या मातीत किरणोत्सर्ग किती असेल सांगता येत नाही. मी अजून पालकाची जुडी घेताना कुठल्या प्रांतातली ते वाचते. नसेल लिहिलं तर ठेवून देते.

बाळासाहेब : तू वाच, तुझं लेकरू लहान आहे. मला सत्तराव्या वर्षी काय होतंय? तर आज. दार उघडलं. धुकं आत आलं. कोणीच नाही. त्यानं एकदा हॉर्न दिला, थांबला, दार लावलं. आणि हसशील तू, पण माझ्या शेजारची सीट दबल्यागत वाटली. मी सरकून जागासुद्धा दिली. वळून बघतो तर मोकळी. मग मला बसवेना. ड्रायव्हरला खुणेनं म्हटलं, उतरव बाबा मला.

चैत्राली : मी हसत नाहीये.

क्षितिज : जीजी, बासु वा?

बाळासाहेब : काय म्हणतोय पठ्ठ्या?

चैत्राली : आजोबा, बस कुठंय, असं विचारतोय.

बाळासाहेब : गेली रे सोन्या. जीजीला सोडून गेली.

चैत्राली : क्षितिज, जा, ब्लॉक्स खेळ. बाबा, पुढची बस कधी?

बाळासाहेब : दुपारी. तीच परत येईल.

चैत्राली : आणि तोपर्यंत तुम्ही एकटे, त्या जंगलात. तुमच्या आई सांगायच्या त्या, महायुद्धात वळिवड्याच्या निर्वासित छावणीत राहिलेल्या पोलिश बाईचं गाव बघायचं म्हणून गेलात. ते सापडलं नाही तेव्हाच सरळ विमानात बसून इकडं यायचं होतं.

बाळासाहेब : सापडलं नाही कसं? गाव आहे तिथंच आहे. सीमा सरकली, गाव पलीकडच्या देशात गेलं. म्हटलं, अलीकडून तरी बघू. आणि इथं अलीकडं ही तऱ्हा.

चैत्राली : कसली?

बाळासाहेब : इथंही गाव होतं. लॉजवाल्याचा पोरगा सांगत होता. सत्तेचाळीस साली सैन्यानं माणसं गाड्यांत भरली, पार पश्चिमेला नेऊन टाकली, घरं पेटवली. सीमेवरची माणसं, कुणाची म्हणायची? ही एकटीच कधीतरी परत आली. घरं गेली, पण झाडं राहिली बघ. सफरचंदाची रांग, मग मोकळी जागा, मग आलुबुखाराची रांग. मोकळी जागा आली की समजायचं, इथं उंबरा होता. मी आपला बाजूनं चालतो. कुणाच्या घरात पाय पडायला नको.

चैत्राली : एंदो-सानांकडे असेच फोटो होते. त्यांच्या गावचे, फुकुशिमाचे, अणुभट्टी फुटल्यानंतरचे. घरं उभी, माणसं नाहीत, आणि पर्सिमनची झाडं फळांनी वाकलेली. तोडायची बंदी.

बाळासाहेब : एंदो-सान म्हणजे तुमच्या शेजारचे, ते?

चैत्राली : हं. त्यांच्याच मुठीला अडकवलं होतं ते पॅड. दोन दिवस लटकत होतं. मला वाटलं, गावी गेले असतील. परवाना काढून घर बघायला जायचे अधूनमधून. म्हणून मीच काढलं आणि पुढच्या घरी देऊन आले. उशीर नको म्हणून.

बाळासाहेब : आमचा अनुराग बोलला होता मला. तुला काय ठाऊक, दाराआड एकटेच मरून पडलेत ते.

चैत्राली : माणूस बरा आहे ना, ते ठाऊक करून घ्यायलाच ते पॅड फिरवतात, बाबा. नोटीस काय, खाली लिफ्टमध्येही लावतात. फ्लॅट अजून रिकामाच आहे. क्षितिज येता-जाता त्या दाराला वाकून कोन्निचिवा म्हणतो. मी कधी शिकवलं नाही. आणि संध्याकाळी खुर्ची सरकल्याचा आवाज येतो. अनुराग म्हणतो, पाइप आहेत.

बाळासाहेब : पाइपच असतील.

चैत्राली : असतील. तो आज नागोयाला गेलाय, उद्या येईल. भिंतीपलीकडून पाइप मला एकटीलाच ऐकू येतात.

बाळासाहेब : हे गाणं कसलं लागलं तुझ्याकडं?

चैत्राली : पाच वाजले. वॉर्डाचा भोंगा आहे. रोज वाजवून बघतात, भूकंप झाला तर चालेल ना म्हणून. हा वाजला की एंदो-सान उठून गॅलरीत वाळलेले कपडे काढायला यायचे.

(भोंगा वाजून संपतो.)

बाळासाहेब : सरकली का खुर्ची?

चैत्राली : तुम्ही तिथून हलू नका. मला तेवढं वचन द्या.

बाळासाहेब : म्हातारीचं घर दिसतंय इथनं. झाडांच्या मागं. नुसतं डोकावून येतो.

चैत्राली : नको. काल तुमचा पासपोर्ट दोनदा तपासला ना बॉर्डर पोलिसांनी? भाषा येत नाही, छातीत स्टेंट आहे. कुणा बाईच्या अंगणात तुम्ही उभे दिसलात तर?

बाळासाहेब : माझं तोंड बघून म्हातारी गार पडायची, हे खरं आहे.

चैत्राली : चेष्टा नको. थांब्याला बाक आहे का? बसा तिथं. पाणी प्या. दुपारची बस धरा.

बाळासाहेब : बसलो. घे. तुझंच बरोबर आहे. परक्याच्या दारात आपण कशाला? लेकीकडं-बिकडं गेली असेल.

चैत्राली : हं.

बाळासाहेब : येईल संध्याकाळपर्यंत.

चैत्राली : मागे कसला आवाज येतोय तुमच्या?

बाळासाहेब : कोंबड्या.

चैत्राली : रानात कोंबड्या?

बाळासाहेब : तिच्याच असणार. खुराड्यातनं ओरडतायत.

चैत्राली : त्या ओरडतातच ना सकाळी?

बाळासाहेब : दहा वाजून गेले, चैत्राली. उजाडलं की सोडतात त्यांना. तुझी सासू अंगात ताप असताना उठायची कोंबड्या सोडायला. आणि गावाला जायचं असलं की शेजारी सांगून जायची. हिला सांगायला शेजारीच नाही. धुराडंही थंड दिसतंय आता, धुकं जरा वर गेलं तर.

चैत्राली : बाबा, उठा.

बाळासाहेब : आत्ताच तर बसा म्हणालीस.

चैत्राली : म्हणाले होते. उठा. काठी घेतली? त्या झाडांच्या मधून जा, उंबरे असू देत, कोणी रागावणार नाही. कुत्रं असेल तर हळू जा.

बाळासाहेब : आणि पोलीस आले तर?

चैत्राली : येऊ देत. बरंच होईल. मी बोलते त्यांच्याशी इंग्लिशमध्ये.

बाळासाहेब : काय म्हणून हाक मारू? नाव माहीत नाही मला तिचं.

चैत्राली : तुमचं ते नमस्काराचं म्हणा. दार वाजवा. उत्तर नाही आलं तर गेली असेल म्हणून वळू नका. खिडकीतून बघा, मागच्या दारानं बघा. पडलेली दिसली तर माझा फोन कट करा आणि एकशेबारा लावा. नाही तर असाच चालू ठेवा, मी इथंच आहे.

बाळासाहेब : निघालो बघ. गवत ओलं आहे. पाय सरकतोय.

चैत्राली : सावकाश. पण जा. तिला बघून या, बाबा.