फळ्यावरचा जास्तीचा फोटो

नाव: तोंडी सांगितले आहे, येथे लिहू नये अशी विनंती.
वय: ३४ वर्षे.
धंदा: नोकरी, चष्म्याच्या काचांचा कारखाना, तपासणी विभाग.
राहणार:

मी आज माझ्या पायांनी ठाण्यात आले आहे. सोबत माझी लेक आहे, वय आठ. मला कुणी शिकवून पाठवलेले नाही. विचारल्यावरून खरे ते सांगते की,

वरील कारखान्यात मी पाच वर्षांपासून कामाला आहे. घासून आलेली काच दिव्यासमोर धरायची आणि ओरखडा किंवा बुडबुडा दिसला तर बाजूला काढायची, हे माझे काम. माझे तोंड जरा चालते आणि कामातली ढिलाई मला खपत नाही, म्हणून सगळे मला मुकादम म्हणतात. पगार मात्र मुकादमाचा नाही. हे लिहिण्याची गरज नाही असे लिहून घेणाऱ्या हवालदार बाई म्हणाल्या, पण त्यांनी लिहिले.

वर्षअखेरच्या सुट्टीआधी कारखान्यात पार्टी असते. गेल्या वर्षी माईक किंचाळत राहिला, मालकांचे भाषण संपेना आणि जेवण गार झाले. म्हणून यंदा मालकांनी मला केबिनमध्ये बोलावले आणि म्हणाले, "मुकादम, या वेळी तुम्ही बघा. लोकांच्या लक्षात राहील असं काहीतरी करा." मी हो म्हटले. मला आवडलेही होते. पाच वर्षांत कुणी मला ओरखडे शोधण्याव्यतिरिक्त काही सांगितले नव्हते.

मी असा खेळ ठरवला की प्रत्येकाने आपला लहानपणीचा एक फोटो आणायचा. पॅकिंग हॉलमधल्या फळ्यावर ते नंबर घालून लावायचे आणि कोण कुठला ते इतरांनी ओळखायचे. खेळाचे नाव 'ओळखा पाहू'. आठवडाभर कारखान्यात दुसरा विषय नव्हता. घासणी विभागातला आमचा पहिलवान, ज्याला मशीनसुद्धा वचकून असते, तो फोटोत झालरीच्या फ्रॉकमध्ये निघाला. त्याने मला हात जोडले की नंबर तरी शेवटचा द्या. मी त्याला पहिला दिला.

माझा फोटो मी दिला नाही. कुणी विचारले की मी सांगायची, "मी जन्मले तीच एवढी मोठी." त्यावर हसून विषय संपायचा. खरे कारण असे की माझ्याकडे फोटो नाहीत. माझ्या नवऱ्याने ते माझ्यासमोर गॅसवर एकेक करून जाळले. त्याला घाई नव्हती. शेवटचा एक पेटत असताना त्याने परत ओढला, विझवला आणि शर्टाच्या खिशात ठेवला. म्हणाला, "हा राहू दे. तू कधी गेलीस तर लोकांना दाखवायला लागेल ना." तो फोटो मी सहा वर्षांची असतानाचा होता. मी म्हटले, लहानपणीच्या फोटोवरून कोण ओळखणार आहे? त्यावर तो हसला.

मी लेकीला घेऊन घर सोडले त्याला आता साडेपाच वर्षे झाली. लेक तेव्हा अडीच वर्षांची होती, तिला त्याचा चेहरा आठवत नाही. कारखान्यात मी नवरा वारला असे सांगितले आहे. ते खोटे आहे.

आज अर्धा दिवस काम आणि तीन वाजता पार्टी असे ठरले होते. सकाळी अकराच्या सुमारास मी स्टुलावर उभी राहून फळ्यावर फोटो लावत होते. आमचे स्टोअर सांभाळणारे काका खालून एकेक फोटो हातात देत होते. शेवटचा लावून झाल्यावर ते म्हणाले, "एक राहिला हो मुकादम," आणि त्यांनी खिशातून पाकीट काढले.

पाकिटातला फोटो मी घेतला आणि फळ्याला टाचला. का टाचला ते सांगता येत नाही, हात कामात होता. मग मी पाहिले. माझ्या वडिलांचे शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान, दारात उन्हाने डोळे बारीक केलेली मुलगी, तिचा हात मशीनच्या चाकावर. फोटोची खालची कड करपलेली आहे.

मी स्टुलावरून उतरले आणि त्याच स्टुलावर बसले. काका खूश होते. आमचे बोलणे झाले ते जसे आठवते तसे सांगते.

मी विचारले, "काका, हा कुठून आणलात?"

"गंमत! तुम्ही सगळ्यांचे लावताय आणि तुमचाच नाही, बरं दिसतं का ते? तुम्ही एकदा चहा पिताना म्हणाला होता, वडिलांच्या दुकानाला तुमचंच नाव होतं म्हणून. मी शोधलं. फोन लागला की हो चक्क!"

"कोणी उचलला?"

काका जरा घुटमळले. मग म्हणाले, "तुमचे यजमान. रागावू नका. रुसून आला असाल, एवढं कळतं मला. काही विचारणार नाही मी."

येथे सांगते की माझा नवरा आधी त्याच दुकानात कारागीर होता. वडिलांना तो फार आवडायचा. सगळ्यांनाच आवडतो. वडील गेल्यावर दुकान तोच चालवतो.

काका पुढे म्हणाले, "रडले हो ते फोनवर. एवढा मोठा माणूस. म्हणाले, तिचा फोटो अजून छातीशी बाळगतोय. माझी स्वतःची लेक वर्षानुवर्षं माझ्याशी बोलत नाही, मुकादम. म्हटलं, माझं नाही तर निदान यांचं तरी जुळू दे."

"ते येणार आहेत का?"

"तीनला. केक कापायच्या वेळी. मीच म्हटलं, तेव्हा सगळे असतील. परवापासून आलेत ते, लॉजवर उतरलेत. हा फोटोसुद्धा स्वतः आणून दिला."

परवापासून. मी परवा भाजी आणली, काल लेकीला घेऊन दवाखान्यात गेले. तो कुठे उभा होता ते मला माहीत नाही.

मी विचारले, "लेकीबद्दल काही विचारलं?"

"शाळेचं नाव मी नाही सांगितलं," काका लगेच म्हणाले. म्हणजे त्याने विचारले होते. "तेवढी अक्कल आहे मला. गणवेशाचा रंग फक्त सांगितला. त्यांना रिबनी घ्यायच्या होत्या तिच्यासाठी, गणवेशाला जुळणाऱ्या."

माझ्या लेकीच्या शाळेचा गणवेश मोरपंखी आहे. या शहरात तो रंग दुसऱ्या कुठल्याही शाळेचा नाही. त्या रंगाच्या रिबनी सहज मिळत नाहीत. मी स्वतः शोधून दमले होते आणि निळ्यावर भागवत होते.

कामाचा एप्रन अंगात होता तशीच मी निघाले. फोटो फळ्यावर राहिला. तो काढायला हवा होता.

शाळेत पोहोचले तेव्हा मधली सुट्टी नुकतीच संपली होती. वॉचमनने मला एप्रनमध्ये पाहून अडवले. मी त्याला काय म्हणाले ते लिहून घेण्यासारखे नाही, परंतु त्याने फाटक उघडले. वर्गाच्या बाईंनी लेकीला बाहेर पाठवले. सकाळी मी तिच्या दोन वेण्यांना विरलेल्या निळ्या रिबनी बांधल्या होत्या. आता वेण्यांना मोरपंखी रिबनी होत्या, कोऱ्या, फुले काढून बांधलेल्या.

मी विचारले, "या कुणी दिल्या?"

ती म्हणाली, "एका काकांनी. फाटकापाशी. तुझ्या पार्टीला येणार आहेत ते."

"आणि बांधल्या कुणी? तुझ्या बाईंनी?"

"नाही, त्यांनीच. गजांतून हात घालून. त्यांना किती छान येतात बांधायला! तुझ्यापेक्षा छान."

मी तिचा हात धरला आणि सरळ येथे आले. वाटेत ती दोनदा म्हणाली की हात दुखतोय, इतका घट्ट का धरतेस.

साहेब बाहेर गेलेले होते म्हणून आम्हांला बसवून ठेवले. तीन वाजण्याच्या आधी कारखान्यावर कुणाला तरी पाठवा असे मी टेबलावरच्या शिपायांना सांगितले. काही घडल्याशिवाय जाता येत नाही असे उत्तर मिळाले. साडेतीनला मालकांचा फोन आला की मुकादम, पार्टी सोडून गेलात कुठे? मी ठाण्यात आहे असे सांगितले. तेही सांगायला नको होते. फोनमध्ये मागे टाळ्या ऐकू येत होत्या.

टाळ्या कसल्या होत्या ते मला नंतर काकांनी सांगितले. त्या फोननंतर ते कारखान्याची व्हॅन घेऊन येथे आले. माझा नवरा तीनच्या ठोक्याला आला होता. मी तशी निघून गेल्यावर काकांना काहीतरी चुकल्याची शंका आली होती, त्यांनी त्याला गेटवर थोपवून धरले, पण मालक स्वतः पुढे होऊन त्याला आत घेऊन गेले. तो फळ्यासमोर गेला, करपलेल्या कडेच्या फोटोवर बोट ठेवले आणि सगळ्यांना विचारले, "ओळखा पाहू, ही कोण?" सगळ्यांनी ओळखले. पहिलवान सगळ्यांत मोठ्याने ओरडला.

काका माझ्यासमोर उभे राहून रडले आणि हवी ती साक्ष देतो म्हणाले. माझा त्यांच्यावर राग नाही असे लिहायचे का, असे हवालदार बाईंनी विचारले. तसे लिहू नये. राग आहे. पण काका वाईट नाहीत, हेही त्याच ओळीत लिहावे.

साडेचारच्या सुमारास माझा नवरा ठाण्यात आला. हातात पार्टीच्या केकचा खोका होता. त्याने सगळ्यांना केक वाटला. बायकोची तब्येत नाजूक आहे, तिला आणि मुलीला घरी न्यायला आलो आहे, असे त्याने साहेबांना सांगितले. आवाज चढवला नाही. तो कधीच चढवत नाही. तो आता बाहेर बाकावर बसला आहे. साहेबांच्या टेबलावर केकचा तुकडा आहे, त्यांनी अजून खाल्लेला नाही.

साहेबांनी विचारले, आज त्याने तुम्हांला हात लावला का? नाही. धमकी दिली का? नाही. मुलीला न्यायचा प्रयत्न केला का? नाही. रिबन बांधणे हा गुन्हा आहे का? मला माहीत नाही. पूर्वी मारत होता का, असे विचारल्यावर मी माझा डावा हात टेबलावर ठेवून मूठ वळून दाखवली. ती पूर्ण वळत नाही. ते जुने आहे म्हणून आजच्या प्रकरणात येत नाही, असे साहेब म्हणाले. त्या वेळी तक्रार का केली नाही, असेही विचारले. केली होती. मी पोहोचायच्या आधी तो त्या ठाण्यात जाऊन बसला होता. तेव्हा त्याने सगळ्यांना चहा पाजला होता. संध्याकाळी मला त्याच्याबरोबर घरी पाठवले. हात त्यानंतरचा आहे.

मला भीती वाटते. माझी भीती अशी आहे की आजही सगळे चांगलेच वागतील आणि संध्याकाळी आम्हां दोघींना त्याच्याबरोबर पाठवतील. माझी मागणी एवढीच की आमचा पत्ता त्याला कळू नये, लेकीला त्याच्या हवाली करू नये आणि आम्हांला मागच्या दाराने जाऊ द्यावे. मागे काकांनी आणलेली व्हॅन उभी आहे. कुठे जाणार ते मी काकांनाही व्हॅनमध्ये बसल्यावरच सांगणार आहे.

लेक माझ्या शेजारी बसून आहे. मी मघाशी तिच्या रिबनी सोडायला लागले तर ती रडली, म्हणून राहू दिल्या.

दिलेला जबाब मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत असल्याचे मला सांगण्यात आले. या खोलीचे दार नीट लागत नाही, तरी तो मोठ्याने वाचू नये अशी मी विनंती केली आणि कागद हातात घेऊन मनात वाचला. सांगितले तसेच उतरले आहे. वर 'राहणार' यापुढची जागा मोकळी आहे, ती मोकळीच ठेवावी.

मी सही करत असताना बाहेरून आवाज आला, "सावकाश होऊ दे गं. मी थांबलोय."

हेही लिहून घ्यावे असे मी म्हटले. हवालदार बाईंनी ते लिहिले, मग उठून आपली खुर्ची दाराला लावली आणि खुर्चीत बसल्या.

सही