दोघांतही नाही

जबाब देणाऱ्याचे नाव, वडिलांचे नाव आणि घरचा पत्ता वरच्या रकान्यांत घेतला आहे. वय एकोणपन्नास. धंदा नोकरी, मोठ्या दवाखान्याच्या जनुक-तपासणी प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. राहणार दवाखान्याच्या मागे, कर्मचाऱ्यांच्या खोल्या, तळमजला. शिक्षण गावच्या शाळेत, पुढे शहरात प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम.

ठाण्यात, विचारल्यावरून, कोणाच्याही दडपणाशिवाय सांगतो की,

आमच्याकडे रक्त येते ते जांभळ्या झाकणाच्या नळीत. त्यातल्या पेशी फोडून आम्ही डीएनए वेगळा काढतो. नळीत तो दिसलाच तर भिजलेल्या कापसाच्या धाग्यासारखा दिसतो. अखंड वाचता येत नाही, म्हणून त्याचे बारीक तुकडे करतो, ते काचेच्या पट्टीवर चढवतो आणि पट्टी यंत्रात ठेवतो. यंत्र तुकडे वाचते, संगणक ते जागच्या जागी जुळवतो. अक्षरे चारच आहेत, पण मजकूर अब्जावधी अक्षरांचा. यंत्राचे झाकण लावताना मी मनात देवाचे नाव घेतो. लेखनिकांनी विचारले, हे लिहायचे का. मी म्हणालो, करतो ते सांगितले, लिहा.

या प्रकरणातली मुलगी पाच वर्षांची आहे. घरात तिला ठकू म्हणतात. वडील माल वाहण्याचा टेम्पो चालवतात. आई घरी शाळांचे गणवेश शिवते. ठकू उशिरा चालायला लागली आणि गेल्या वर्षापासून चालताना भिंत धरते. कारण सापडावे म्हणून आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिची व आईवडिलांची अशी तिघांची तपासणी लिहून दिली होती.

रक्त मीच घेतले. सुई पाहून ठकूने विचारले, “सगळं घेणार?”

मी म्हणालो, “नाही गं, एवढंसंच. तुला भरपूर उरेल.”

“आणि तुमचं वाचून झालं की?”

“मग काय?”

“मग परत घाला.”

आई हसली. म्हणाली, “घ्या. द्या आता लिहून, परत घालतो म्हणून.” सुई टोचली तेव्हा वडिलांनी मुलीला मांडीवर घेऊन तिचे डोळे आपल्या तळहाताने झाकले होते, आणि स्वतःचेही मिटले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण आज त्या गृहस्थांबद्दल लोक जे बोलत होते ते मी ऐकले आहे.

तिघांचे एकत्र वाचायचे असले की पहिली पाहणी नात्याची असते. मुलीतले अर्धे आईकडचे आणि अर्धे वडिलांकडचे आहे का, ते जुळवून पाहतो. नळ्यांची अदलाबदल झाली नसल्याची ती खात्री असते. ठकूचे दोन्ही बाजूंनी जुळले. ती या दोघांच्याच पोटची आहे, हे मी जबाबदारीने सांगतो. पण जुळले तर ते आम्ही कळवत नाही. त्यात कळवण्यासारखे काय आहे, असेच आम्हाला आजवर वाटत आले.

त्यानंतर एका ठिकाणी ठकूमध्ये असे अक्षर सापडले, जे आईत त्या जागी नाही आणि वडिलांतही नाही. म्हणजे ते तिच्यापाशीच नव्याने पडले. मूल पोटी राहण्याच्या वेळी हा सगळा मजकूर उतरवला जातो, तेव्हा अशी अक्षरे पडतात. प्रत्येक माणसात थोडी असतात. लेखनिकांनी विचारले, “माझ्यातही?” मी हो म्हणालो. ते म्हणाले, “तरीच बढती अडलीय.” बहुतेक वेळा अक्षर निरुपद्रवी जागी पडते आणि माणूस जन्मभर त्याच्यासह सुखाने जगतो. ठकूचे तसे पडलेले नाही.

निकाल तयार झाला की आम्ही घरच्यांच्या फोनवर एक ठरलेला संदेश पाठवतो. या संदेशाची भाषा माझी आहे. पूर्वी त्यात “दोष आढळला” असे असे. ते वाचून आलेल्या आया आमच्या बाकावर बसून रडत. एका आजीने सगळ्यांसमोर सुनेला विचारले होते, “दोष निघाला ना? बोल आता, कुणाचा?” तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना सुचवले की दोषाच्या जागी “बदल” लिहू या. त्या शब्दात कोणाला बोल लागत नाही. त्यांना ते आवडले. शब्द हलका वाटला होता.

ठकूच्या वडिलांना गेलेला संदेश असा होता: “आपल्या मुलीच्या तपासणीत बदल आढळला आहे. आई व वडील दोघांतही नाही. भेटीस यावे.” मूळ मजकुरात “आई”च्या आधी “तो” हा शब्द होता. संदेश लांबतो म्हणून पुढे कधीतरी तो गाळला गेला.

काल दुपारी त्यांचा प्रयोगशाळेत फोन आला. टेम्पो चालू असल्याचा आवाज येत होता. फोन मी घेतला. आमचे बोलणे मला आठवते ते असे.

“तुमचा निरोप मिळाला. नक्की आहे का हे?”

“नक्की. दोनदा तपासलंय.”

“आमच्या दोघांत नाही?”

“दोघांतही नाही.”

“तरी मी म्हणत होतो. आमच्या घराण्यात कुणाचे पाय असे नाहीत.”

“बरोबर. घराण्यातून आलेलं नाहीच हे.”

“मग जन्माच्या वेळीच झालं असणार.”

“त्याच्याही आधी. पण हो, जन्मापासूनचंच म्हणा.”

“चूक कुणाची?”

“चूक कुणाचीच नाही हो. घडतं असं.”

“घडतं? तुम्हाला नेहमी सापडतं?”

“बऱ्याचदा.”

ते म्हणाले, “देव आहे म्हणायचा.” त्यांचा आवाज भरून आला होता. आपल्या दोघांपैकी कोणाकडून हे गेले नाही, हे कळल्यावर पुष्कळ आईबाप असेच बोलतात. मला बरे वाटले. मी त्यांना डॉक्टरीणबाईंची आजची वेळ दिली आणि म्हणालो, “बाकीचं त्या नीट समजावतील.” ते म्हणाले, “बाकीचं मी बघतो.” या वाक्यापाशी मी थांबायला हवे होते. थांबलो नाही. पट्टी यंत्रात ठेवायची होती.

आज सकाळी ठकूची आई धावत प्रयोगशाळेत आली. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच होती. नवऱ्याने तिला पाठवलेला आमचा संदेश आपल्या फोनवर माझ्यापुढे धरून म्हणाली, “हे तुम्ही कळवलंत यांना?”

मी वाचून हो म्हणालो.

“रात्रभर घरात फेऱ्या मारत होते. मला म्हणतात, आपली पोर बदलली, दवाखान्यातच बदलली, यंत्रानं सांगितलंय. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुमचं. मी तिला डोळ्यांआड होऊ दिली नव्हती. तर म्हणतात, तुला गुंगी होती, तुला काय कळणार? आता मी गणवेश द्यायला गेले तेवढ्यात तिला घेऊन गेलेत. तिचे कपडेही नेलेत.”

मी विचारले, कुठे नेले असेल. ती म्हणाली, “कुठे म्हणजे? जिथून आणली तिथे. माझी पोर काय दुकानातली वस्तू आहे, पावती दाखवून बदलून घ्यायला?”

ते प्रसूतिगृह आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे आहे. मी कोट न काढताच तिच्याबरोबर निघालो. वाटेत तिने एकदाच विचारले, “दोघांत नाही म्हणजे काय नाही?” मी चालता चालता सांगितले. ती म्हणाली, “एवढंच होतं, तर एवढंच लिहायचं.”

प्रसूतिगृहात खालच्या व्हरांड्यात गर्दी होती. ठकूचे वडील नोंदणीच्या खिडकीशी उभे होते. आत एक वयस्क परिचारिकाबाई होत्या. वडील ओरडत नव्हते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “ताई, ही ज्यांची असेल त्यांना द्या आणि माझी मला द्या.” परिचारिका म्हणत होत्या, “अहो दादा, पाच वर्षं काय झोपला होतात? आणि इथे काय पोरं फडताळात लावून ठेवलीत का, काढून देऊ एखादी?” लोक हसले. एकजण म्हणाला, आजारी पोर टाकायला आलाय. दुसऱ्याने त्यांची कॉलर धरली होती.

ठकू जिन्याच्या पहिल्या वळणावर होती. वडिलांनी तिला वरच्या मजल्यावरच्या बाकावर कपड्यांच्या पिशवीसह बसवून, इथेच बस, असे सांगितले होते. ती काही वेळ बसली. मग कठडा धरून त्यांच्या मागे उतरू लागली आणि पडली. वरून येणाऱ्या आयाबाईने तिला उचलले. उजवा हात मनगटाच्या वर मोडला आहे. प्लास्टर तिथेच शेजारी झाले. ती रडत होती, पण आईला पाहिल्यावर म्हणाली ते असे, “मी उठले म्हणून पडले. बाबांना सांगू नको.”

परिचारिकांनी ठाण्यात फोन केला. त्यानंतर आम्हा सर्वांना इथे आणले.

इथे ठाण्याच्या साहेबांनी मला वडिलांसमोर सगळे समजावून सांगायला लावले. डॉक्टरीणबाई निघाल्या होत्या पण पोचल्या नव्हत्या. मी यंत्राचे काही सांगितले नाही. गावच्या शाळेत गुरुजी श्रुतलेखन घालत, ते सांगितले. मजकूर गुरुजींचाच, पाटी आपली. सगळे बरोबर उतरवले आणि एका जागी “दिन” लिहायचे तिथे “दीन” लिहिले गेले. पाटी दुसऱ्याची होत नाही. वेलांटी तेवढी वेगळी पडली, आणि अर्थ गेला. तुमची ठकू तुमच्यावरून आणि तिच्या आईवरूनच उतरलेली आहे. आम्ही जुळवून पाहिले आहे. ती तुमचीच आहे.

ते ऐकत होते. त्यांना ते पटले, हे मला त्यांच्या तोंडावर दिसले. पटल्यावर त्यांना आनंद होईल असे मला वाटले होते.

त्यांनी विचारले, “म्हणजे दुसरी नाहीच?”

मी म्हणालो, “दुसरी कोण?”

“माझी. जी तिकडे गेली होती ती.”

मी म्हणालो, “नाही. ही एकच.”

साहेबांनी त्यांना खिसे रिकामे करायला सांगितले होते. गाडीची किल्ली, फोन आणि एक उड्या मारायची दोरी निघाली. लाल मुठींची, नवी, वेष्टनातली. साहेबांनी विचारले, हे काय. वडील म्हणाले, “काल घेतली. पाच वर्षांची मुलगी, धावत असेल, उड्या मारत असेल. रिकाम्या हाताने कसं जायचं तिच्यापुढे?” मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

काही वेळाने त्यांनी तसेच उभे राहून विचारले, “आणि ही? एक अक्षर तर आहे. बरी होईल ना?”

मी म्हणालो, ते डॉक्टरीणबाई सांगतील. बाईंनी मला निकालाच्या दिवशी काय सांगितले होते, हे साहेबांनी विचारले असता मी साहेबांच्या कानात सांगितले. ते इथे लिहू नये ही विनंती, कारण आईवडिलांना अजून कळलेले नाही.

साहेबांनी आईला विचारले, नवऱ्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का. ती म्हणाली, “तक्रार लिहून काय करू? तिला रोज घरचे दोन मजले कोण चढवणार?” मग ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, “तिकडे भिंतीत काय आहे? उचला तिला. हात दुखतोय तिचा. तुमचीच आहे, ऐकलंत ना आता?”

ठकू बाकावर बसून होती. वडील आले, तिच्यासमोर खाली बसले, पण त्यांनी हात पुढे केले नाहीत. तिने टेबलावरची दोरी पाहून विचारले, “ही कुणाला आणली?”

ते म्हणाले, “तुला.”

ती म्हणाली, “मला कुठे येतात उड्या?” आणि तरीही तिने दोरी डाव्या हातात घेतली. तेव्हा त्यांनी तिला उचलले. आता ते तिघे बाहेरच्या बाकावर डॉक्टरीणबाईंची वाट पाहत आहेत. इथून मला ते दिसतात. वडिलांनी तिचे डोळे तळहाताने झाकले आहेत, कारण ती झोपली आहे आणि दिवा तोंडावर येतो.

साहेबांनी शेवटी विचारले, संदेशात यापुढे कोणता शब्द घालणार. “दोष” लिहू नये, एवढे मला माहीत आहे. “बदल” लिहू नये, हे आज कळले. तिसरा शब्द मला अजून सुचलेला नाही.

हा जबाब लेखनिकांनी मला पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवला. एका ठिकाणी त्यांच्याकडून “बदललेली मुलगी” असे लिहिले गेले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून “मुलगी” एवढेच ठेवले आहे, व खोडलेल्या जागी मी सही केली आहे. बाकी सर्व मी सांगितले तसेच उतरले आहे आणि बरोबर आहे.