पाठीचं माप

शिंपी : ताठ, काका. आणखी थोडं. मान वर. हां, आता श्वास सोडा.

बाबा : श्वास सोडला की मान खाली येते, मास्तर. दोन्ही एकदम जमत नाही.

लेक : बाबा, चेष्टा पुरे. कोटाआतला पाठीचा पट्टा सैल केलात ना तुम्ही?

बाबा : बोटभर. जेवण उतरायला जागा नको?

शिंपी : ताई, स्पष्ट सांगतो. कोटाच्या कापणीतच चूक आहे. पाठ पुढच्यापेक्षा चांगली दोन बोटं लांब. डावा खांदा उतरलेला. मागे बघा, कसा फुगा आलाय. काकूंचं काम असं नव्हतं कधी. वीस वर्षं माझ्या दुकानाची काज-बटणं केली त्यांनी, एक टाका वाकडा सापडायचा नाही.

लेक : शेवटी शेवटी आईचा हात थरथरायचा, मास्तर. अंथरुणात बसून कापलाय तिने, मांडीवर फळी घेऊन. कच्चे टाके घातले आणि गेली. चार महिने तसाच पडून होता. तुम्ही उसवा आणि आज घेतलेल्या मापाने नीट करा.

बाबा : उसवायचं नाही.

लेक : बाबा, रविवारी माझा दवाखाना सुरू होतोय. दारावरची पाटी वाचलीत ना? मान, पाठ, कणा. आणि त्या दारात पहिला माणूस कोण? माझा बाप, पोक काढून.

बाबा : मग मागच्या दाराने घे. पेशंट म्हणून.

लेक : आठवडाभर पट्टा लावा म्हटलं, तर तेवढंही नाही.

बाबा : चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली मी. घड्याळ टेबलावर, डोळा वर. दोघांपैकी कुणीतरी वाकायला हवं. घड्याळ वाकत नाही.

शिंपी : आमचंही तेच, काका. सुई काही उठून डोळ्यापाशी येत नाही.

लेक : मास्तर, तुम्ही तरी त्यांना सामील होऊ नका.

शिंपी : नाही हो. कोट चुकलाय तो चुकलायच.

बाबा : आज माप कसं घेतलंत?

शिंपी : कसं म्हणजे? समोर उभं करून, टेपने.

बाबा : पट्टा बांधून. वर ‘ताठ, ताठ’ करून. मग ते पट्ट्याचं माप झालं, माझं नाही. ती म्हणायची, टेप दिसला की माणूस खोटं उभा राहतो.

शिंपी : म्हणायच्या खऱ्या. पण त्यांनी माप घेतलं कधी? त्या तर उठतच नव्हत्या.

बाबा : नव्हती उठत. मीच उचलायचो. सकाळी खिडकीपाशी खुर्चीत, दुपारी परत. दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकायची. एक दिवस मानेला काहीतरी गार लागलं. म्हटलं, काय गं? तर म्हणते, हलू नका, टेपचं टोक आहे.

लेक : हे मला कधी बोलला नाहीत.

बाबा : तू आलीस की आधी माझे खांदे मागे ओढायचीस. बोलणार कधी?

शिंपी : एकाच वेळी घेतलं माप?

बाबा : कुठलं! आठ-दहा दिवस चाललं होतं. उचललं की तिचा भार डावीकडे यायचा. म्हणाली, डावा खांदा उतरलाय तुमचा, माझ्यापायी. म्हटलं, उतरू दे. म्हणून तो तसा कापलाय. हात थरथरला म्हणून नाही. मोजून केलंय तिने.

लेक : पण दुखतं ना तुम्हाला? हाताला मुंग्या येतात, रात्री कूस बदलता येत नाही. मी काय फक्त लोकांसाठी म्हणते?

बाबा : दुखतं. त्यासाठी सांगशील तो व्यायाम करीन. पण दुखतं म्हणून करीन, लाज वाटते म्हणून नाही. मोडेन पण वाकणार नाही म्हणणारे पुष्कळ आहेत. म्हणू देत. मी वाकलो म्हणून तुझी आई दीड वर्ष रोज खिडकीत बसली. या पाठीला कुणी नावं ठेवायची नाहीत. तूही नाही. हा धर तुझा पट्टा.

(पट्टा सुटल्याचा चर्र आवाज.)

शिंपी : थांबा, काका. तसेच उभे राहा. ताई, इकडे मागे या.

लेक : काय झालं?

शिंपी : फुगा गेला. पाठीवर एक सुरकुती नाही. कड बघा, पुढून मागे एका रेषेत. आणि मी हा उसवायला निघालो होतो!

बाबा : आधी ती कात्री खाली ठेवा.

शिंपी : ठेवली.

लेक : मास्तर, टाके पक्के करा. आहे तसेच. शनिवारी मी न्यायला येते.

बाबा : आणि रविवारी मी कुठे उभा राहू?

लेक : दारात. पाटीखाली. पण सोमवारपासून व्यायाम, कारणं सांगायची नाहीत. आणि समजा, खरंच सरळ झालात तर? मग हा कोट बसायचा नाही.

बाबा : झालोच सरळ, तर कोटापुरता वाकेन.