बाबाच्या कुंपणाचं लाकूड

ब्रॉन्विन: थांबा थांबा, परत एकदा सांगा. हे लालसर लाकूड म्हणजे मल्गा. हे पट्ट्यापट्ट्यांचं शी-ओक. आणि हे तिसरं, ज्याला खरंच जॅमचा वास येतो म्हणता?

डेस्ली: रास्पबेरी जॅमचा. झाडाचं नावच जॅमचं झाड. ही घे कानस, जरा घास आणि नाक लाव.

ब्रॉन्विन: अगं बाई, खरंच की! ब्रेडला लावून खावंसं वाटतंय.

क्लाइव्ह: शाळेत मुलांना शिकवता ना तुम्ही? मग गिटारीच्या मानेवर बोटं फिरतात त्या पट्टीला मल्गा घ्या. म्हणजे कसं, मुलांचे हात. कशीही बोटं घासतात. मल्गा झिजायचं नाव घेत नाही.

ब्रॉन्विन: नाही हो, मुलांना नाही द्यायची ही गिटार! इतकी वर्षं शाळेच्या तडकलेल्या गिटारींवर काढली. ही फक्त माझी. आणि खरं सांगू का, डेस्ली, मला तुमच्या बाबांच्या गिटारीसारखीच पट्टी हवी. गिटारींच्या मेळ्यात तुम्ही ती कुंपणाच्या खांबांची गोष्ट सांगितलीत ना, मी तिथेच डोळे पुसत उभी होते. दोन तास गाडी हाकत आलेय ती त्या गोष्टीपायी.

डेस्ली: ऐकलंस का रे क्लाइव्ह? बाबाच्या गिटारीसारखी हवी म्हणे.

क्लाइव्ह: ऐकलं.

डेस्ली: मग सांग की तिला. दर वेळी मीच घसा कोरडा करते. आज तू सांग.

क्लाइव्ह: मला कुठे जमतं, डेस. तू छान सांगतेस.

डेस्ली: लाजतोय बघ कसा माझा भागीदार. सांग रे, गिऱ्हाईक एवढ्या लांबून आलंय.

क्लाइव्ह: म्हणजे कसं... हिचे वडील, अर्न. पश्चिमेला ब्लॅकऑल गावाकडे मेंढ्या होत्या त्यांच्या. कुंपणाचे खांब गिजीचे. गिजी म्हणजे तिकडच्या रानातलं लाकूड, लोखंडच. वाळवी तोंड लावत नाही, पाणी शिरत नाही. ते खांब त्यांनी जवानीत स्वतः फोडले होते. मग रान विकलं, तेव्हा त्यांतले थोडे उपटून इथे टुवूम्बाला आणले.

डेस्ली: थोडे नाही. ट्रक भरून. आणि रडला होता तो उपटताना. ते सांग.

क्लाइव्ह: रडला होता.

डेस्ली: पुढे?

क्लाइव्ह: पुढे त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला आपण त्याला गिटार करून दिली.

डेस्ली: पट्टी कशाची?

क्लाइव्ह: डेस, नंतर बोलू या.

डेस्ली: नंतर का? ही लाकूड निवडायला आलीय. हिला कळायला नको, बाबाच्या गिटारीला काय बसवलंय ते? बोल ना. पट्टी कशाची?

ब्रॉन्विन: माझं काही चुकलं का? मी येऊ का नंतर?

डेस्ली: तुझं काहीच नाही गं. तू बस. क्लाइव्ह, मी विचारतेय.

क्लाइव्ह: शिसवी.

ब्रॉन्विन: शिसवी? म्हणजे ती भारतातून येते ती? पण तुमच्या दारावरच्या पाटीवर तर लिहिलंय, इथल्या मातीतलंच लाकूड वापरतो म्हणून.

डेस्ली: लिहिलंय खरं. मीच रंगवलंय ते. बाबाची गिटार आज सकाळी मी पडदे, म्हणजे पट्टीवरच्या धातूच्या काड्या, बदलायला घेतली. तो गेल्यावर पहिल्यांदाच हात लावला. जुना पडदा काढायचा म्हणजे आधी तापवायचा, आणि तापला की त्याच्याखालचं लाकूड वास सोडतं. गिजी तापली की नाक धरून पळावं लागतं. तिकडे आमच्या रानात पाऊस यायच्या आधी असला सडका वास सुटायचा की पाहुणे विचारायचे, काय मेलंय. आणि आज? गुलाब! गोड गोड वास. मला आधी वाटलं, साबण पडलाय कुठेतरी. मग पडदा उचलला तर खाचेत तांबूस भुगा. वरून काळी केलेली शिसवी.

ब्रॉन्विन: अरे देवा.

डेस्ली: याला वाटलं असेल, बाबाबरोबर सगळं पुरलं गेलं.

ब्रॉन्विन: मी खरंच निघते. तुमचं घरचं आहे हे. फक्त... राग मानू नका, पण हे समोर ठेवलेत ते तुकडे तरी खरे आहेत ना?

डेस्ली: कालपर्यंत छातीवर हात ठेवून सांगितलं असतं. आज असं कर, तिन्ही तुकडे घरी ने. घास, पाण्यात घाल, जाळून बघ. मग तुझं तू ठरव.

ब्रॉन्विन: बरं. कळवते मी.

(ब्रॉन्विन जाते. गाडी चालू झाल्याचा आवाज.)

क्लाइव्ह: परक्या बाईसमोर माझे असे धिंडवडे काढायची काय गरज होती?

डेस्ली: तुझं? तुझे धिंडवडे? आणि मी मेळ्यामेळ्यातून उभी राहून टाहो फोडत होते, माझ्या बाबाचे खांब, माझ्या बाबाचे खांब, तेव्हा माझं काय होत होतं? तू शेजारी उभा असायचास. मान डोलवायचास!

क्लाइव्ह: मान नव्हतो डोलवत.

डेस्ली: डोलवायचास. माझ्याकडे फोटो आहेत. काय झालं त्या लाकडाचं?

क्लाइव्ह: तडकलं.

डेस्ली: सगळं?

क्लाइव्ह: सगळं. खांब चिरून फळ्या काढल्या, आणि... टोकांना मेण लावायचं राहिलं.

डेस्ली: राहिलं? मी तेव्हा मनगट मोडून घरी पडले होते. रोज फोन करत होते तुला. मेण लावलंस का, मेण लावलंस का. तू म्हणालास, लावलं.

क्लाइव्ह: लावणारच होतो. त्या शनिवार-रविवारी पोरांबरोबर मासे धरायला गेलो. म्हटलं, आल्यावर लावू. पत्र्याखाली ऊन असं काही पेटलं, बिनमेणाची टोकं अशी भराभर वाळली, की आलो तर एकेका फळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत भेगा. बोट जाईल एवढ्या. मी तिथेच खाली बसलो, डेस. खरंच सांगतो.

डेस्ली: मासे धरायला.

क्लाइव्ह: हो.

डेस्ली: मिळाले का तरी?

क्लाइव्ह: डेस...

डेस्ली: नाही, विचारते आपली. माझ्या बाबाने घामाच्या धारा गाळून फोडलेलं लाकूड गेलं, त्याच्या बदल्यात मासे तरी मिळाले का?

क्लाइव्ह: वाढदिवस तोंडावर आला होता. पुरात रस्ते बुडाले होते, दुसरी गिजी आणायची कुठून? खणात तळाशी एक जुनी शिसवी पडली होती, आपण पाटी रंगवायच्या आधीची. काळी केली. तिची बारीक छिद्रं बुजवायला लागतात, ती मी अर्नच्या खांबांच्या भुकटीने बुजवली. म्हणजे भुकटी तरी त्याचीच आहे त्यात.

डेस्ली: वा! केवढे उपकार! बाबाची भुकटी आहे म्हणे. अरे, फोन उचलून सांगायचं की मला, की डेस, माती खाल्ली मी! चार शिव्या दिल्या असत्या, आठवडाभर तोंड फुगवलं असतं, आणि मल्गा बसवला असता. बाबाला मल्गाही चालला असता!

क्लाइव्ह: तू मला हाकलून दिलं असतंस.

डेस्ली: तेव्हा? नसतं दिलं. तेव्हा तू मला सख्ख्या भावासारखा होतास रे. ती पट्टी मी कधी नीट पाहिलीसुद्धा नाही. दुसऱ्या कुणाची असती तर नख लावून बघितली असती, उजेडात धरली असती. तू म्हणालास बाबाचं लाकूड, मग मी कशाला बघू? माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला तुला काही करावंच लागलं नाही. मी आपणहून मिटून घेतले.

क्लाइव्ह: बाकी एकाही गिटारीत मी असं केलेलं नाही. शपथ घेतो.

डेस्ली: कसं मानू? मेण लावलं, हे पण तूच सांगितलं होतंस. आणि बाबाला फसवताना तरी काही वाटायला हवं होतं तुला. आयुष्य गिजीत गेलं त्या माणसाचं, आणि म्हातारपणी त्याच्या हातात...

क्लाइव्ह: त्याला फसवलं नाही मी.

डेस्ली: म्हणजे?

क्लाइव्ह: जाऊ दे. गेला तो. राहू दे त्याचं.

डेस्ली: क्लाइव्ह, आता अर्धवट सोडलंस ना, तर ही कानस फेकून मारीन.

क्लाइव्ह: अर्नला माहीत होतं.

डेस्ली: खोटं.

क्लाइव्ह: मी पट्टी काळी करत होतो आणि तो दारात येऊन उभा राहिला. चहाचा थर्मास घेऊन. तुकडा उचलला, हातावर तोलला, हुंगला, आणि मला म्हणाला, हे माझं नाही. मी सगळं सांगितलं. पायच धरायचे बाकी ठेवले. मला वाटलं, आता कानाखाली बसते. तर हसायला लागला. म्हणाला, पोरगी किती खूश आहे, तिला कशाला सांगतोस. आपल्या दोघांतच ठेव.

डेस्ली: बाबा असं म्हणाला?

क्लाइव्ह: माझ्याकडून वचन घेतलं त्याने. तो गेल्यावर सांगावंसं वाटायचं मला. पण मग तू मेळ्यात बोलायला उभी राहायचीस, लोक रडायचे, आणि माझी जीभच उचलायची नाही.

डेस्ली: आणि त्या तडकलेल्या फळ्या? त्या कुठे आहेत? भेगाळलेल्या तर भेगाळलेल्या. मला दे त्या.

क्लाइव्ह: त्या नाहीत.

डेस्ली: कुठे गेल्या?

क्लाइव्ह: अर्नच घेऊन गेला. गिजीसारखा निखारा दुसऱ्या लाकडाचा पडत नाही, तुला माहितेय. वाढदिवसाला अंगणात मेंढी भाजली ना आपण...

डेस्ली: त्यावर?

क्लाइव्ह: त्याचाच बेत होता तो. म्हणाला, माझे खांब, माझी मेंढी, माझा वाढदिवस.

डेस्ली: दोनदा घेतलं मी ते मटण. वर म्हटलं, बाबा, निखारा काय झकास पडलाय आज. आणि तुम्ही दोघं हसत सुटलात. मला वाटलं, बिअर चढलीय.

क्लाइव्ह: वाईट हेतू नव्हता गं आमचा.

डेस्ली: आमचा! बघ, कसं आलं तोंडातून. आमचा. त्या घरात मी एकटीच बाहेरची होते, आणि केक मी केला होता. ऐक आता. हातातल्या गिटारी पूर्ण करू, कुणाचं काम अडवायचं नाही. त्या संपल्या की तू तुझी अवजारं घेऊन जा. ती पाटी मी आजच उतरवते.

क्लाइव्ह: एका पट्टीपायी, डेस? इतक्या वर्षांचं सगळं?

डेस्ली: पट्टी गेली खड्ड्यात. बाबा गेल्यापासून रोज तुझ्याजवळ बसून त्याच्याबद्दल बोलत होते मी. मला वाटायचं, त्याची आठवण असलेला आणखी एक माणूस आहे माझ्याजवळ. तू ऐकून घेत होतास नुसता. निदान एकदा तरी खरं सांगायचंस.

क्लाइव्ह: चुकलं माझं.

डेस्ली: एकच विचारते, मग तू जा घरी. त्या दिवशी बाबाने गिटार मांडीवर घेतली, पहिली तार छेडली, आणि वर बघून डोळा मिचकावला. आठवतंय?

क्लाइव्ह: आठवतंय.

डेस्ली: तो गेला त्या रात्री मला झोप नव्हती. तेवढं एकच आठवत बसले होते मी, की बाबाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. तू कुठे उभा होतास तेव्हा?

क्लाइव्ह: नको ना विचारूस.

डेस्ली: कुठे होतास?

क्लाइव्ह: तुझ्या मागे.