केबल काढली तरी

दवाखान्यातल्या लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे बहीणभाऊ उभे होते. दोघंही नेटवर्कच्या कामातले.

"ताई, केबल तपासायला एकाच कॉम्प्युटरची दोन नेटवर्क कार्डं तिने जोडून वेग मोजला. झकास आला."

"मग?"

"केबल काढून मोजला, तरी तेवढाच."

"म्हणजे डेटा केबलमधून गेलाच नाही. कॉम्प्युटरच्या आतल्या आत फिरत होता."

"हो ना. मग सेटिंग बदलून केबलमधूनच पाठवला, तर वेग पार झोपला. केबलच खराब होती."

"तीच ऑपरेशन थिएटरला लावणार होतास?"

"तीच. आता नवी लावली, मोजूनही पाहिली. थिएटरच्या पडद्यावर डॉक्टरांना कॅमेऱ्यातलं सगळं स्वच्छ दिसतंय."

"सुटले बाई. उद्या तिथेच आईचं ऑपरेशन. तिला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाली, टीव्ही लावून झाला असेल तर आता जेवून घे."